आडनावावरून धंदा सांगणारा तो फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात आत्याने घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला: 'आडनाव सांगा, पूर्वजांचा धंदा ओळखा!' आठ मुद्दे, प्रत्येक मुद्द्यापुढे जोडलेले हात. आतेभाऊ सध्या घराण्याची वंशावळ तयार करतोय. त्याने संध्याकाळपर्यंत 'व्यवसाय' हा अख्खा रकाना त्यावरून भरून टाकला. असल्या गोष्टींकडे मी एरवी कानाडोळा करतो, पण यातला सहावा मुद्दा वाचून डोकंच फिरलं.

'इंग्रजांच्या गुन्हेगार जमातींच्या रजिस्टरात ज्यांची नावे आहेत, त्यांचा पिढीजात धंदा चोरी-दरोडा हाच होता. इंग्रज पुराव्याशिवाय काही लिहीत नसत.' आमची वहिनी कैकाडी समाजातली आहे, आणि हा समाज त्या रजिस्टरात होता. तीही त्याच ग्रुपवर आहे, हे आत्याला टाकताना आठवलं नसावं.

पुराव्याचं बघू. गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा, आपल्या मुंबई इलाख्यात तो 1911 च्या दुरुस्तीनंतर आला. सरकारने अधिसूचना काढली की एक अख्खी जमात गुन्हेगार ठरायची, आणि त्या अधिसूचनेला कोर्टात आव्हान द्यायची सोय कायद्यानेच बंद केलेली होती. मग माणसांची नावं रजिस्टरात चढायची, बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी लागायची, हद्द ओलांडायची तर परवाना. नाव चढायला चोरी केलेली असावी लागत नव्हती, त्या जमातीत जन्मलात एवढं पुरे होतं. हा तुमचा पुरावा!

सोलापूरचंच घ्या. तिथे या लोकांना तारेच्या कुंपणाआडच्या सेटलमेंटमध्ये ठेवलं होतं, आणि त्यातले कितीतरी जण कापडगिरण्यांत कामाला जात. म्हणजे कागदावर जन्मजात चोर आणि प्रत्यक्षात गिरणीकामगार. त्याआधीचं बघायचं तर कैकाडी तुरकाठ्यांच्या टोपल्या नि कणग्या विणत; शेतकऱ्याचं धान्य त्याच कणग्यांत राहायचं. रामोश्यांकडे गावाची आणि किल्ल्यांची राखण असे. 1832 साली ज्यांना फाशी दिलं त्या उमाजी नाइकांचं घराणं पुरंदरच्या राखणीवरचं. लमाण बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य वाहून नेत. 1803 च्या मराठ्यांविरुद्धच्या लढाईत वेलस्ली या इंग्रज सेनापतीच्या फौजेलाही याच तांड्यांनी धान्य पुरवलं. 1863 मध्ये रेल्वे बोरघाट चढून वर आली, मालाची वाहतूक रुळांवर गेली आणि तांड्यांचं काम गेलं. काम गेलेल्या, सतत फिरत्या माणसावर पोलिसांची नजर असणारच. ते रजिस्टर या नजरेची नोंद आहे. वंशावळ करणाऱ्याने ते जरूर पाहावं, कारण त्यात माणसाचं नाव आणि ठावठिकाणा मिळतो. धंद्याचा रकाना मात्र त्यावरून भरू नये. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा देशभर रद्द झाला. फॉरवर्ड लिहिणाऱ्यापर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

पहिला मुद्दा, 'आडनाव म्हणजेच व्यवसाय'. यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. चिटणीस, पोतनीस, सबनीस ही नावं दप्तरातल्या हुद्द्यांवरूनच आली. पण हुद्दा कुणा एका पूर्वजाला मिळाला, तो कधी मिळाला हे आडनाव सांगत नाही. नाना फडणविसांचं मूळ आडनाव भानू. पेशव्यांचं भट. या फॉरवर्डच्या हिशेबाने भट म्हणजे भिक्षुकी. प्रत्यक्षात बाळाजी विश्वनाथांच्या घराण्याकडे श्रीवर्धनची देशमुखी, म्हणजे परगण्याच्या कारभाराचा वंशपरंपरागत हुद्दा होता. होळकर तर होळ गावचे म्हणून होळकर. तिथे कुठला धंदा ओळखणार?

'बायका घरकामच करत' या चौथ्या मुद्द्यावर शब्द खर्च करत नाही. त्या लिहिणाऱ्याच्या पणज्याचा जन्म कुठल्या तरी सुइणीच्या हातूनच झाला असेल. पाचवा, सातवा आणि आठवा मुद्दा म्हणजे पहिल्याचीच री.

राहिले दुसरा आणि तिसरा, ज्यांच्यावर आमच्या घरात सगळे खूश आहेत: 'वतन होते म्हणजे ते काम होते' आणि 'ते पिढ्यान्‌पिढ्या तसेच चालले'. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हुद्दा आणि त्यापोटी मिळणारं उत्पन्न. आम्ही देशमुख. आतेभावाने सात पिढ्यांपुढे 'परगण्याचा कारभार' असं ठोकून दिलंय. त्याने 1874 चा वतन कायदा उघडावा. त्यात वंशपरंपरागत हुद्द्याची व्याख्या दिली आहे, आणि ज्या हुद्द्याचं मूळ काम सरकारने मागणं बंद केलंय तोही हुद्दा त्यात धरावा, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. कायद्याला हे सांगावं लागलं, कारण काम संपलेले हुद्देदार तेव्हा ढिगाने होते. त्यातही जिथे काम उरलं होतं, तिथे ते एका वतनदाराच्या नावावर चाले, बाकीचे भाऊबंद नुसते हिस्सेदार.

पेशवाई गेली, इंग्रजांचे मामलेदार आले, वसुली पाटील-कुलकर्ण्यांमार्फत थेट होऊ लागली. देशमुख-देशपांड्यांना करण्यासारखं फारसं काही उरलं नाही. पुढे सरकारने वतनाचा काही भाग कापून घेतला आणि त्यांची चाकरी माफ केली. 1950 च्या कायद्याने ती वतनंही गेली. तेव्हा खापरपणजोबांच्या नावापुढे फार तर 'शेती, शिवाय वतनाचं उत्पन्न' एवढं लिहिता येईल. परगण्याचा कारभार खोडावा लागेल. आतेभावाला हे कळवलंय. 'बघतो' म्हणाला.