सायफाय गेममधला टन खोटा नाही

पुण्यातल्या गेम खेळणाऱ्या मंडळींत सध्या एक दावा हातोहाती फिरतो आहे. मला तो तिघांनी पाठवला, त्यातले दोघे माझ्याच गोदामात काम करतात. दावा थोडक्यात असा : सायफाय गेममधलं मालाचं गणित म्हणजे शुद्ध धूळफेक. अंतराळात वजनच नसतं, तरी माल टनात मोजतात. काही गेम टन सोडून घनमीटर धरतात, म्हणजे बनवणाऱ्यांना वजन आणि आकार यांतला फरकच कळत नाही. सगळा माल एकाच मापाच्या डब्यांत असतो, असं खऱ्या जगात कुठे होतं? अंतराळातलं जहाज पॅक केलं की दहा पट लहान होतं. जहाजं अवाढव्य आणि माल चिमूटभर. आणि शेवटी, हे सगळं खरं दाखवलं तर गेम कुणी खेळणारच नाही.

मी चौदा वर्षं चाकणला गाड्यांचं लोडिंग प्लॅनिंग करतो. कोणत्या गाडीत काय, किती आणि कुठे ठेवायचं, हेच रोजचं काम. रात्री घरी आलो की हेच गेम खेळतो. या दाव्यात एका ठिकाणी खरोखर तथ्य आहे, तिथे पोचलो की सांगेन. बाकीचा दावा चुकीचा आहे आणि मला तो मनापासून खटकतो, कारण त्यामुळे गेमबद्दल तर गैरसमज होतोच, पण माल हलवण्याच्या कामाबद्दलही होतो.

‘अंतराळात वजन नसतं’ इथपर्यंत ठीक. कक्षेत फिरणाऱ्या वस्तूला वजन जाणवत नाही, पण तिचं वस्तुमान जमिनीवर होतं तेवढंच राहतं, आणि टन, किलो ही एककं वस्तुमानाचीच आहेत. वस्तू हलवायला, वळवायला आणि मुख्य म्हणजे थांबवायला किती जोर लागेल ते वस्तुमान ठरवतं. हँड पॅलेट ट्रकवर, म्हणजे माल रचलेली फळी हाताने ओढायच्या गाडीवर, टनभर माल ओढणाऱ्या कुणालाही विचारा. पॅलेट चाकांवर असतं, ते उचलावं लागत नाही, एकदा सुरू झालं की अलगद सरकतं. थांबवताना मात्र अंगावर येतं.

अंतराळातलं उदाहरण हवं असेल तर मे १९९२ मधलं घ्या. एंडेव्हर यानाच्या पहिल्याच मोहिमेत इंटेलसॅट मालिकेतला सुमारे चार टनांचा एक भरकटलेला उपग्रह पकडायचा होता. त्यासाठी खास दांडा बनवून नेला होता. तो लावायला गेलं की उपग्रह जराशा धक्क्याने डगमगायचा आणि दूर सरकायचा. दोन प्रयत्न फसले. शेवटी तीन अंतराळवीर एकाच वेळी बाहेर पडले आणि तिघांनी तीन बाजूंनी हातांनी धरून त्याला ताब्यात घेतलं. तो स्पेसवॉक आठ तासांहून जास्त चालला. त्या उपग्रहाला वजन जाणवत नव्हतं, पण त्याचे चार टन पूर्णपणे शाबूत होते.

इंधनाचा हिशेबही टनावरच चालतो. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या इंजिनातून वायू सेकंदाला साधारण ४.४ किलोमीटर वेगाने बाहेर पडतात. जहाजाचा वेग तेवढाच वाढवायचा असेल, तर रॉकेटला किती इंधन लागेल ते सांगणाऱ्या त्सिओल्कोव्हस्कीच्या सूत्राप्रमाणे मालाच्या प्रत्येक जादा टनामागे सुमारे १.७ टन जादा इंधन लागतं. मुक्कामी पोचून तेवढाच वेग पुन्हा कमी करायचा असेल, तर हा आकडा दुप्पट होत नाही, ६.४ टनांवर जातो, कारण थांबण्यासाठीचं इंधनही आधी वाहून न्यावं लागतं. एलिट डेंजरस या अंतराळातल्या गेममध्ये जहाज मालाने भरलं की ताऱ्यांमधल्या एका उडीत कापायचं अंतर घटतं. दावा करणाऱ्यांनी हा गेम खेळला असेल, तर ही घट त्यांनी स्वतः पाहिलेली असणार.

आता टन आणि घनमीटर. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझं पोट याच फरकावर चालतं.

बत्तीस फुटी कंटेनर गाडी घ्या. आत साधारण ३२ बाय ८ बाय ८ फूट, म्हणजे सुमारे ५८ घनमीटर जागा. तिच्यात घनमीटरला २० किलो भरणारा थर्माकोल रचला, तर गाडी छतापर्यंत गच्च होते आणि काट्यावर माल सव्वा टनसुद्धा भरत नाही. आता त्याच गाडीत १५ टन पोलाद ठेवा. त्याला दोन घनमीटर जागाही लागत नाही. गाडी रिकामी दिसते, पण तिची क्षमता संपलेली असते. प्रत्येक गाडीला अशा दोन मर्यादा असतात, आणि जी आधी येईल तिथे माल भरणं थांबतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फोर्जिंगच्या, म्हणजे ठोकून घडवलेल्या धातूच्या भागांच्या, क्रेट्सचा प्लॅन नुसत्या फुटांवर केला होता. जागा शिल्लक दिसली म्हणून आणखी चार क्रेट चढवायला सांगितले. गाडी काट्यावर अडीच टन जादा निघाली. रात्री अकरा वाजता ते चारही क्रेट उतरवावे लागले, आणि उतरवणाऱ्यांपुढे उभं राहून माझी चूक झाली हे मला सांगावं लागलं. तेव्हापासून माझ्या प्लॅनमध्ये दोन रकाने असतात, एक वजनाचा आणि एक जागेचा.

न्हावा शेवाला जाणारे कंटेनर बघा. ४० फुटी कंटेनरमध्ये जागा सुमारे ६७ घनमीटर, २० फुटीत ३३. जागा दुप्पट, पण आंतरराष्ट्रीय मानकात दोघांच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा एकच आहे. म्हणून जड माल २० फुटीत जातो आणि हलका, फुगीर माल ४० फुटीत.

घरातलं उदाहरण हवं असेल तर दिवाळीचा फराळ आठवा. मुलीला अमेरिकेत चिवडा आणि चकल्या पाठवायच्या म्हणून आई ४० सेंटिमीटरचा चौकोनी खोका भरते. घरच्या काट्यावर तो सात किलो भरतो. कुरिअरवाला टेप लावतो, लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून ५००० ने भागतो आणि १२.८ किलोचे, म्हणजे बहुतेक १३ किलोचे पैसे लावतो. अनेकांना ही लूट वाटते, पण तसं नाही. तो खोका विमानात जी जागा अडवतो, तिचं ते भाडं आहे.

आपल्या भाषेत तर हे दोन हिशेब केव्हापासून नांदतात. खंडी म्हणजे वीस मण, पण मण तराजूचाही असायचा आणि मापाचाही. धान्य पायलीने, म्हणजे भांड्याच्या आकाराने मोजायचे. गूळ तराजूत जायचा. खुद्द ‘टन’ या शब्दाचं मूळ वाइनच्या मोठ्या पिंपाच्या नावात आहे. जहाजात किती पिंपं मावतात त्यावरून जहाज केवढं ते ठरायचं. आजही जहाजाचं ग्रॉस टनेज त्याचं वजन सांगत नाही, बंदिस्त जागा सांगतं. जुना रजिस्टर टन म्हणजे १०० घनफूट.

त्यामुळे ट्रॅव्हलर हा १९७७ पासून टेबलाभोवती बसून खेळला जाणारा गेम जहाज टनात मोजतो आणि तो टन म्हणजे एक टन द्रवरूप हायड्रोजन जेवढी जागा व्यापेल तेवढी, सुमारे १४ घनमीटर, असं धरतो, तेव्हा मला त्यात अडाणीपणा दिसत नाही. दर्यावर्दी लोकांनी पिंपाचं केलं तेच त्यांनी इंधनाचं केलं. ईव्ह ऑनलाइन या गेमने २००३ पासून मालाला घनमीटर लावला, तोही अर्धा हिशेब म्हणून बरोबरच आहे. आणि डेव्हिड ब्रेबन व इयन बेल यांच्या १९८४ च्या एलिटमध्ये जहाजात २० टन माल मावायचा. अन्न आणि यंत्रं टनात, सोनं आणि प्लॅटिनम किलोत, रत्नं ग्रॅममध्ये. लक्ष्मी रस्त्यावर सोनं घेणारा आणि गुलटेकडीला कांदा घेणारा एकच एकक वापरत नाहीत, एवढी बाजाराची जाण त्या लहानशा गेममध्ये होती.

‘सगळा माल एकाच मापाच्या डब्यांत’ हा आक्षेप तर उलटाच आहे. खऱ्या जगाने नेमकं हेच केलं. एप्रिल १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीनचं आयडियल एक्स हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं आणि त्यानंतरच्या काही दशकांत जगभरची बंदरं, क्रेन आणि ट्रक एका खोक्याच्या मापाने बांधले गेले. कुठलंही माप हे माल हाताळणाऱ्यावरून ठरतं. क्रेन असेल तर कंटेनर, फोर्कलिफ्ट असेल तर पॅलेट, माणूस असेल तर पोतं. मार्केट यार्डात एके काळी शंभर किलोची पोती माणसाच्या पाठीवरून जायची. बाबा आढाव आणि हमाल पंचायत यांनी झगडून ते ओझं ५० किलोवर आणलं. अंतराळ स्थानकावर सामान जातं त्या पिशव्यांचंही प्रमाणित माप आहे, साधारण ५० बाय ४२ बाय २५ सेंटिमीटर, आणि मोठ्या पिशव्या त्याच्याच पटीत. स्टार सिटिझन या गेममधलं मालाचं माप, एससीयू, हा सव्वा मीटर बाजूचा घन आहे, म्हणजे १.९५ घनमीटर. वर सांगितलेलं १५ टन पोलाद अशा एका डब्यात जेमतेम मावतं. त्यांचा ३२ एससीयूचा डबा ६२.५ घनमीटरचा होतो, आपल्या ४० फुटी कंटेनरच्या जवळपास. हे आकडे हवेतून आलेले नाहीत.

जहाज पॅक केल्यावर लहान होतं, याचं उत्तर दोन ओळींत देता येईल. ईव्हमध्ये रिफ्टर हे छोटं जहाज बांधलेलं असताना २७,२८९ घनमीटर आणि वेष्टनात २,५०० घनमीटर. चाकणच्या पट्ट्यात सुटे भाग करून क्रेटमध्ये परदेशी जाणारी वाहनं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. उभ्या गाडीत निम्म्याहून जास्त हवा असते. अकरापट जास्त आहे हे मान्य, पण तत्त्व खरं आहे.

राहिला ‘जहाजं अवाढव्य, माल चिमूटभर’ हा मुद्दा. माल चिमूटभर असतोच. जुलै २०२३ मध्ये चांद्रयान ३ घेऊन निघालेलं एलव्हीएम ३ रॉकेट उड्डाणाच्या वेळी सुमारे ६४० टनांचं होतं आणि यान ३.९ टनांचं. शंभरात एक हिस्साही नाही.

पण याच मुद्द्याच्या पोटात ती खरी चूक आहे, आणि दावा करणाऱ्यांना ती दिसलेली नाही. एलिट डेंजरसमधलं ॲनाकोंडा हे जहाज सुमारे १५२ मीटर लांब, ६२ रुंद, ३२ उंच आहे आणि त्याच्या सांगाड्याचं वस्तुमान दिलंय ४०० टन. या मापांचा गुणाकार तीन लाख घनमीटरच्या आसपास जातो. जहाज निमुळतं आहे, म्हणून त्याचा तिसरा भाग धरू. तरी घनमीटरला चार किलो येतात. थर्माकोल याच्या पाचपट जड असतो! त्याच गेममध्ये सोन्याचा एक टन आणि हायड्रोजन इंधनाचा एक टन सारख्याच डब्यात येतो. टनभर सोनं म्हणजे ३७ सेंटिमीटर बाजूचा ठोकळा, आणि टनभर द्रव हायड्रोजनला १४ घनमीटरची टाकी लागते. ईव्हमधला जायंट सिक्युअर कंटेनर बाहेरून ३,००० घनमीटर जागा घेतो आणि आत ३,९०० घनमीटर माल ठेवतो, शिवाय तिथे माल कितीही भरला तरी जहाज तेवढ्याच चपळाईने वळतं. स्पेस इंजिनिअर्स या गेममधल्या मोठ्या कंटेनरची क्षमता ४,२१,८७५ लिटर आहे. साडेसात मीटर बाजूच्या घनाचं घनफळ नेमकं तेवढंच येतं, म्हणजे त्या कंटेनरच्या भिंतींना जाडीच नाही. गेमवर टीका करायची तर ती इथे करावी. त्यांनी टन किंवा घनमीटर वापरला यात चूक नाही. दोन्ही रकाने एकत्र जोडले नाहीत, ही चूक आहे.

आणि जोडले तर गेम कंटाळवाणा होतो? स्पेस इंजिनिअर्समध्ये, भिंतींची ती चूक सोडली, तर हे जोडलेलं आहे. तिथे खनिज किलोला ०.३७ लिटर जागा घेतं, त्यामुळे तो मोठा कंटेनर काठोकाठ भरला की आत सुमारे १,१४० टन माल होतो आणि जहाजाला तो सगळा भार जाणवतो. माझा भाचा सिंहगड रोडला राहतो, अकरावीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत त्याने ग्रहावर एक खाण काढली, जहाज काठोकाठ भरलं आणि उडवलं. ते जमिनीवरून हललंच नाही. त्याने मला फोन केला. मी विचारलं, आत किती टन आहे आणि इंजिनांचा जोर किती? त्याने कागद घेतला, ९.८१ ने गुणलं, आणि पाच मिनिटांत त्याच्या लक्षात आलं की नुसतं तरंगायलाच एक कोटी बारा लाख न्यूटन जोर हवा. रात्री दोनपर्यंत तो थ्रस्टर, म्हणजे जहाजाची इंजिनं, वाढवत होता आणि वाढवलेल्या थ्रस्टरचं वजन पुन्हा हिशेबात धरत होता. शेवटी अर्धा माल खाली ठेवून त्याने दोन खेपा केल्या, आणि दुसऱ्या खेपेला जहाज उतरवताना ब्रेक किती आधी लावायचे ते त्याने आधीच काढून ठेवलं होतं.