फ्रीलच्या नाटकात इंग्रजी शिकणारी मुलगी घरभेदी नाही

परवा घरच्या ग्रुपवर दादाने एक फॉरवर्ड टाकला. आयरिश नाटककार ब्रायन फ्रीलने 'ट्रान्सलेशन्स' हट्टाने आयरिश भाषेत लिहिलं; इंग्रजांनी संगिनीच्या जोरावर गावांची नावं बदलली आणि भाषा मेली; परकी भाषा शिकणारे घरभेदी, हाच नाटकाचा संदेश; परदेशी पळणाऱ्यांनी वाचावं. आमची भाची नर्सिंग झालेली, जर्मनीतल्या नोकरीसाठी जर्मन शिकतेय. रात्री तिचा फोन आला, "मावशी, मी खरंच पळून चाललेय का गं?" तेव्हा मात्र राहवेना.

आयरिशमध्ये लिहिलं हे धादांत खोटं आहे. १९८० साली उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराच्या गिल्डहॉलमध्ये पहिला प्रयोग झाला तो इंग्रजीत. गावकरी आयरिश बोलताहेत असं आपण धरून चालायचं. आपल्याला सगळ्यांचं कळतं, त्यांना मात्र एकमेकांचं कळत नाही. नाटक उभं आहे तेच यावर.

नावं बदलली, हे खरं. नाटकातलं वर्ष १८३३. तेव्हा आयर्लंडमध्ये नकाशे करायला इंग्रज लष्कराची जमीनमोजणी चालू होती आणि नव्या सरकारी शाळा इंग्रजीतून शिकवत होत्या. एवढं मान्य. पण संगिनींचं काय? मोजणीचा इतिहास जे. एच. अँड्र्यूज यांनी १९७५ साली लिहिला. तो फ्रीलने वाचला होता, आणि नाटकातल्या संगिनी इतिहासाला धरून नाहीत हा आक्षेपही अँड्र्यूज यांचाच. खऱ्या मोजणीत नावांची मूळ आयरिश रूपं शोधायला जॉन ओडोनोव्हन हा आयरिश पंडितच नेमला होता. आणि भाषेची पडझड म्हणाल, तर १८४५नंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. त्याचा फॉरवर्डमध्ये शब्दही नाही.

आता ते 'घरभेदी'. नाटकातली मॉयरा इंग्रजी मागते, कारण घरात कर्ता पुरुष नाही, पाठीवर दहा भावंडं आहेत आणि अमेरिकेच्या बोटभाड्याचे पैसे येऊन पडलेत. फ्रीलने तिला कुठेही खलनायिका केलेलं नाही. उलट 'टोबर व्री' या चौरस्त्याचा प्रसंग बघा. दीडशे वर्षांपूर्वी तिथे एक विहीर होती. चेहऱ्यावरची गाठ जावी म्हणून ब्रायन नावाचा म्हातारा सात महिने तिच्या पाण्याने रोज तोंड धुवायचा. गाठ गेली नाही, आणि एका सकाळी तो त्याच विहिरीत मेलेला सापडला. 'टोबर' म्हणजे विहीर, 'व्री' हा ब्रायनचा अपभ्रंश. आता विहीर आटलीय, गोष्ट कुणाला आठवत नाही. मग हे नाव कशाला ठेवायचं, असं विचारतो मोजणीवाल्यांचा दुभाषा, गावच्या मास्तरांचा मुलगा ओवेन. ठेवायचंच, असं अडून बसतो नावं बदलायला आलेला इंग्रज लेफ्टनंट योलंड. यातला घरभेदी कोण, हे दादाने मला सांगावं.

शेवटही दादाने वाचलेला नाही. तोवर मॉयरावर जीव जडलेला योलंड बेपत्ता झालाय, सैन्याने गाव उठवायची धमकी दिलीय. अशा वेळी म्हातारे ह्यू मास्तर, ज्यांची शाळा जुन्या गोठ्यात भरते आणि जे लॅटिन-ग्रीकखेरीज कशाला मोजत नाहीत, ते मॉयराला इंग्रजी शिकवायला कबूल होतात. शब्द देईन, व्याकरण देईन, त्याने माणसाच्या मनातलं कळेल का ते ठाऊक नाही, असं म्हणतात. ती विचारते, 'ऑलवेज' म्हणजे काय? आदल्याच रात्री योलंडने तो शब्द तिला म्हटलेला असतो. मास्तर अर्थ सांगतात, आणि म्हणतात, सुरुवात या शब्दाने नको.

हा प्रवेश मी भाचीला फोनवर वाचून दाखवला. सोमवारी तिची जर्मनची परीक्षा आहे.