तापलेली तार स्वतःला सांभाळत नाही

‘तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, रोध वाढला की धारा कमी होते, म्हणजे तार स्वतःच स्वतःला सांभाळते, तेव्हा सारखी पडणारी एमसीबी काढून थेट जोडणी केली तरी चालते,’ असे सांगणारा पाच मुद्द्यांचा संदेश सध्या व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. तो माझ्या आत्यापर्यंत पोहोचला आणि तिने लगेच एमसीबी, म्हणजे धारा प्रमाणाबाहेर गेली की वीज आपोआप तोडणारा बोर्डावरचा खटका, काढून घ्यायला वायरमनला बोलावले. एका खऱ्या वाक्याच्या आधारावर घर पेटवणारा सल्ला देणे मला अक्षम्य वाटते, म्हणून हा प्रतिवाद.

पहिला मुद्दा, तापमानाबरोबर धातूचा रोध वाढतो, हा खरा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९१३ साली तांब्याचे जे प्रमाण ठरवले, त्यानुसार २० अंश सेल्सिअसला तांब्याचा तापमान गुणांक ०.००३९३ आहे, म्हणजे दर अंशामागे रोध सुमारे ०.४ टक्के वाढतो. संदेश लिहिणाऱ्याने हा आकडा एकदा जरी वापरून पाहिला असता, तरी पुढचा मुद्दा त्याला लिहिता आला नसता.

तो दुसरा मुद्दा म्हणजे ‘तार स्वतःला सांभाळते’. समजा, मुख्य बोर्डापासून २० मीटरवर दीड स्क्वेअर एमएमची वायर नेली आहे आणि तिच्यावर गीझर व शेगडी मिळून ४,६०० वॉटचा भार टाकला आहे. २३० व्होल्टला या भाराचा रोध ११.५ ओहम होतो. जाणारी व येणारी मिळून ४० मीटर वायर, तिचा रोध ३० अंशांना सुमारे ०.४८ ओहम आणि ७० अंशांना ०.५५ ओहम. म्हणजे तारेचा रोध १५ टक्क्यांनी वाढला, पण एकूण रोध ११.९८ वरून १२.०५ ओहम एवढाच झाला आणि धारा १९.२ वरून १९.१ अँपिअरवर आली. एवढ्याने तार सांभाळली जात नाही. उलट तारेत निर्माण होणारी उष्णता, जी धारेचा वर्ग गुणिले तारेचा रोध एवढी असते, ती १७६ वॉटवरून २०० वॉटवर गेली. तार तापल्यामुळे ती आणखी तापू लागते. घरात नेहमी वापरल्या जाणाऱ्या पीव्हीसी आवरणाची सततच्या वापराची मर्यादा ७० अंश आहे, आणि पाइपात दाटीने भरलेल्या वायरींना उष्णता बाहेर टाकायलाही जागा नसते.

हाच हिशोब शेवटपर्यंत नेऊन पाहावा. तांबे १,०८५ अंशांना वितळते. तोवर त्याचा रोध फार तर सहापट, म्हणजे या वायरीत पावणेतीन ओहम होईल आणि तरीही १६ अँपिअर धारा वाहतच राहील. आवरण त्याच्या कितीतरी आधी वितळून पेटलेले असेल. भिंतीत शॉर्टसर्किट झाले तर मध्ये भारही उरत नाही आणि धारा शेकडो अँपिअरवर जाते. अशा वेळी ती तोडण्याचे काम एमसीबीखेरीज दुसरे कोण करणार?

याच्या पुष्ट्यर्थ तिसऱ्या मुद्द्यात बल्बचा दाखला दिला आहे. जुन्या १०० वॉटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना ५२९ ओहम असतो आणि थंड असताना त्याच्या बाराव्या-पंधराव्या भागाएवढाच असतो, हे बरोबर आहे. टंगस्टनची ती तार तापून आपली धारा खरोखरच आवरते. पण तिथे तार हाच भार असतो आणि जवळजवळ सगळे व्होल्टेज तिच्यावरच पडते. ती अडीच हजार अंशांच्या आसपास, ऑक्सिजन काढून घेतलेल्या काचेच्या फुग्यात तापलेली असते. भिंतीतल्या वायरीला ही तुलना लागूच होत नाही.

‘तार तापून लांब होते म्हणून रोध वाढतो’ हा चौथा मुद्दा चूक आहे. तांबे दर अंशाला लांबीत दहा लाखात सुमारे १७ भाग वाढते, तर त्याचा रोध दहा लाखात ३,९३० भाग वाढतो. शिवाय तारेची जाडीही वाढते, त्यामुळे केवळ आकारमानाच्या फरकाने रोध किंचित कमीच व्हायला हवा. खरे कारण असे की तापमान वाढले की धातूतले अणू अधिक जोराने कंप पावतात आणि इलेक्ट्रॉनांच्या मार्गात अधिक अडथळा येतो.

‘एसीच्या थंड खोलीत तारेचा रोध जवळजवळ शून्य होतो’ या पाचव्या मुद्द्यावर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. डच भौतिकशास्त्रज्ञ कॅमरलिंग ओनेस यांना १९११ साली लायडनमध्ये पाऱ्याचा रोध नाहीसा झालेला आढळला तो उणे २६९ अंशांच्या आसपास. खोली ३५ वरून २४ अंशांवर आली, तर तांब्याचा रोध सुमारे चार टक्क्यांनी कमी होतो.

एमसीबी सारखी पडत असेल, तर भार जास्त आहे, कुठेतरी जोड सैल आहे, शॉर्ट होतो आहे किंवा एमसीबीच खराब झाली आहे, आणि यांतले नेमके काय ते जाणकार वायरमनकडून तपासून घ्यावे लागते. एसी व गीझरसाठी बोर्डापासून स्वतंत्र, भाराला पुरेल एवढ्या जाडीची वायर घ्यावी आणि एमसीबी त्या वायरीला झेपेल एवढ्याच अँपिअरची बसवावी. वायर तीच ठेवून मोठी एमसीबी लावणे हेही धोक्याचेच आहे.