नव्या मशीनचा हप्ता आणि वरचे ९०० रुपये

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या तक्रारी थोडक्यात पुन्हा लिहिते. मुलीच्या हनुवटीवरचे केस लेझरने काढायला तुम्ही माझ्या दवाखान्यात सहा सिटिंगचं पॅकेज घेतलं, पैसे आगाऊ भरले. चार सिटिंग जुन्या मशीनवर झाल्या. पाचव्या वेळी 'नवीन मशीन आलंय' म्हणून ९०० रुपये वरचे घेतले, त्याआधी अर्धा तास बाहेर नुसतं बसवून ठेवलं. नवीन मशीन जास्त दुखलं, संध्याकाळपर्यंत हनुवटी लाल होती. वर मी पोरीला तोंडावरून वस्तरा फिरवायला सांगितलं. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, 'डॉक्टरांना मशीनचा हप्ता फेडायचाय, तो आमच्याकडून काढतायत. पार्लरमध्ये हेच लेझर ७९९ ला होतं.'

मुलीच्या तब्येतीबद्दल तुम्ही स्वतः लिहिलंय त्यापलीकडे मी इथे काही लिहिणार नाही. खाली जे आहे ते सगळ्यांना लागू असलेलं.

आधी पैशांचं. ते ९०० रुपये घ्यायला नको होते. नवे दर १ तारखेपासून, एवढंच मी रिसेप्शनला सांगितलं. ज्यांचं पॅकेज आधीच चालू आहे त्यांना जुनाच दर, हे वाक्य सांगायचं माझ्याकडून राहिलं. रिसेप्शनवरच्या मुलीची त्यात चूक नाही. तुमचा रिव्ह्यू वाचून रजिस्टर काढलं तर आणखी सात जणांकडून असेच वरचे पैसे घेतलेले निघाले. काल सगळ्यांना फोन झाले. तुम्ही फोन उचलला नाहीत, राग असणारच. ज्या नंबरवरून पैसे आले होते त्याच नंबरवर आज परत पाठवले आहेत, बघून घ्या. सहावी सिटिंग पॅकेजमधलीच, वर काही द्यायचं नाही.

हप्ता आहे, नाही कसं म्हणू? मशीन कर्ज काढूनच घेतलंय आणि हप्ता पेशंटच्या फीमधूनच जातो, दुसरीकडून कुठून जाणार? दर वाढले त्याचं एक कारण तेच आहे. पण हप्ता भरायचाय म्हणून कुणाच्या सिटिंग वाढवल्या, असं होत नाही. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, तशा बायकांना मी पहिल्याच भेटीत परत पाठवते.

मग जुनं चाललं असताना नवीन कशाला? जुनं मशीन आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) होतं. लोक त्यालाही लेझर म्हणतात, पण ते लेझर नाही. त्यात दिव्याचा झगझगीत प्रकाश असतो, अनेक लहरींचा एकत्र, फिल्टर लावून सोडलेला. लेझरमध्ये एकच ठरलेली लहर असते. हा प्रकाश काळा रंग शोधतो आणि तिथे उष्णता तयार करतो. केसाच्या मुळात काळा रंग असतो, पण आपल्या कातडीतही असतो, आणि प्रकाशाला त्यातला फरक कळत नाही. म्हणून सावळ्या चेहऱ्यावर आयपीएलची ताकद कमी ठेवावी लागते. कमी ठेवली की दुखत नाही, पेशंट खूश. पण मूळ मरत नाही, केस बारीक होऊन पुन्हा येतो. काही जणींना तर जबड्याच्या कडेला उलट नवे केस फुटतात. हनुवटीच्या पेशंटमध्ये हे मी स्वतः पाहिलं तेव्हा जुनं मशीन बंद करायचं ठरवलं. मुलीला पहिल्या चार वेळी दुखलं नाही आणि आता दुखलं, त्याचं उत्तर बरंचसं यात आहे.

नवीन निवडायला मला सात-आठ महिने लागले. एका कंपनीचं ७५५ नॅनोमीटरचं (हे लहरीच्या लांबीचं माप) लेझर मशीन डेमोला आलं होतं. माहितीपत्रकात गोऱ्यापान बाईचे पाय, आधी-नंतरचे फोटो अगदी झकास. मी म्हटलं, आमच्या सिस्टरच्या हातावर मारून दाखवा. आमच्या सिस्टर सावळ्या आहेत, आणि त्यांनी स्वतःहून हात पुढे केला. कंपनीचा माणूस जरा चाचरला, मग आकडे कमी करून दोन शॉट मारले. दुसऱ्या दिवशी सकाळी हातावर हँडपीसच्या (मशीनचा कातडीवर टेकवायचा भाग) टोकाएवढे दोन तपकिरी डाग, तव्यावर चपाती चिकटून राहावी तसे. जायला तीन आठवडे लागले. मशीन वाईट होतं असं नाही. ती लहर कातडीतल्या रंगाला जास्त पकडते, गोऱ्या कातडीवर छान चालते. सांगलीत माझ्या ओपीडीत तशी कातडी किती जणांची असते?

म्हणून ८१० नॅनोमीटरचं डायोड लेझर घेतलं, सोबत १०६४ चा दुसरा हँडपीस. १०६४ ची लहर खोल जाते आणि वरच्या थरातल्या रंगात कमी अडकते, त्यामुळे जास्त सावळ्या रंगाला ती सुरक्षित. टोकाला नीलमणीची थंड काच आहे, शॉटच्या आधी आणि नंतर कातडी गार ठेवायला.

लहरीचं ठरल्यावर किमतीआधी मी प्रत्येक कंपनीला विचारलं ते दुरुस्तीचं. हँडपीस किती शॉट चालेल तो आकडा लेखी देणार का? बंद पडलं तर इंजिनिअर पुण्यातून येणार की दिल्लीहून? पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कशी येते-जाते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. जुनं मशीन एका पार्टसाठी १९ दिवस बंद होतं आणि रोज पेशंटना फोन करून तारखा बदलत बसलो होतो. लेखी म्हटल्यावर दोन कंपन्या आपोआप गळल्या.

अर्धा तास बसवलं, ते टेस्ट स्पॉटसाठी. सिस्टरने जबड्याखाली दोन शॉट मारले होते आणि कातडी काय म्हणते ते बघायला थांबायचं होतं. हे मुलीला कुणी सांगितलं नाही, ही आमची चूक. आणि खरं सांगायचं तर अर्धा तासही कमीच, डाग कधीकधी दुसऱ्या दिवशी वर येतो. सिस्टरच्या हातावरून तेवढं शिकायला हवं होतं. या आठवड्यापासून मशीन बदललेल्या प्रत्येक पेशंटचा टेस्ट स्पॉट दोन दिवस आधी होतोय, त्याचे पैसे नाहीत.

लेझरनंतर प्रत्येक केसाभोवती लाल पुरळासारखं येतं आणि बहुतेक वेळा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत बसतं. मुळापर्यंत उष्णता पोचल्याची ती खूण आहे. फोड किंवा काळपट चट्टा मात्र यायला नको. तसं काही दिसत असेल तर रिव्ह्यू, पैसे सगळं बाजूला ठेवा आणि लगेच दाखवायला आणा.

आता वस्तरा. दर आठवड्याला कुणाची तरी आई माझ्याशी यावरून भांडते. थ्रेडिंगने केस मुळासकट निघतो. मूळच नसेल तर लेझर पकडणार काय? वस्तऱ्याने फक्त वरचा केस जातो, मूळ जागेवर राहतं. वस्तऱ्याने केस राठ होतात हा समज आहे. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला टोचतं, एवढंच. मुलीच्या तोंडाला वस्तरा लावायचा म्हटल्यावर आईच्या पोटात गोळा येतो, हे मला कळतं. माझ्या आईनेही मला हेच ऐकवलं होतं.

'कायमचे जातील असं सांगितलं होतं,' असंही तुम्ही लिहिलंय. मी तसं सांगत नाही. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय मशीनवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, एफडीए, तेसुद्धा या मशीनना 'केस कायमचे कमी होणं' एवढंच म्हणू देतं, 'कायमचे काढणं' नाही. पण रिसेप्शनमागे जुन्या मशीनच्या कंपनीने दिलेलं पोस्टर होतं, त्यावर नेमकं तेच छापलेलं. रोज त्याच्यासमोरून जात होते, कधी लक्ष गेलं नाही. काल उतरवलं.

पार्लरबद्दल काही बोलणार नाही, मी ते पाहिलेलं नाही. जाणार असाल तर एवढं विचारा: मशीनवर ज्यूलचा, म्हणजे शॉटच्या ताकदीचा, आकडा कोण ठरवतं, आणि भाजलं तर औषध कोण लिहून देणार?

सहाव्या सिटिंगसाठी पाचवीपासून चार ते सहा आठवडे जाऊ द्या. त्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी पाचनंतर टेस्ट स्पॉटला या, मी स्वतः असेन. तोवर थ्रेडिंग नको. सिटिंगच्या आदल्या रात्री वस्तरा फिरवायचा. तुम्हाला बघवत नसेल तर आमच्या सिस्टर इथेच करून देतील.