आईला क्यू गार्डन दाखवलं, तेही रात्री

आई पहिल्यांदा लंडनला आली ती नेमकी डिसेंबरात. इथे तेव्हा पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. पहिले चार दिवस ती दुपारचा चहा अर्धा टाकून उठायची, देवाजवळ दिवा लावायची आणि मग घड्याळ बघून म्हणायची, "हे काय गं तुमचं, जेवण पचायच्या आत तिन्हीसांजा!"

अशा दिवसांत माणसांना घराबाहेर काढायला इथे लाइट ट्रेल असतात. एखादी मोठी बाग नाहीतर जुन्या हवेलीचं आवार घ्यायचं आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत तिथे दिव्यांची वाट आखायची. ठरावीक वेळेचं तिकीट, सगळ्यांनी एकाच दिशेने चालायचं, मध्ये कुठे संगीत, कुठे शेकोटी, कुठे खाणं. क्यू गार्डन्स या लंडनच्या प्रसिद्ध वनस्पती-उद्यानातली वाट २०१३ साली सुरू झाली. जवळजवळ तीन किलोमीटर अंतर आणि दहा लाखांहून जास्त दिवे. मुलांचा दोन वर्षांचा हट्ट होता. धाकटा सहा वर्षांचा आहे. 'क्यू'ला जायचंय म्हटल्यावर त्याला वाटलं, रांगेत उभं राहायला जायचंय.

आणि आई? "क्यूला जाऊ" म्हटल्यावर तिचा चेहरा असा उजळला, जसा माझ्या सासूबाईंचा पंढरपूर म्हटल्यावर उजळतो.

आई वाईची. साताऱ्याच्या एका कॉलेजात तिने एकतीस वर्षं बॉटनी शिकवली. आपल्याकडच्या झाडपाल्याची ओळख पटवायची तर जुनी माणसं आजही 'कुक' उघडतात. थिओडोर कुक हे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रिन्सिपॉल. निवृत्त होऊन इंग्लंडला परतले आणि क्यूच्या संग्रहातले वाळवलेले नमुने चाळून त्यांनी आपल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. १९०१ ते १९०८ अशी सात वर्षं तो भागाभागाने निघत होता. आई वर्गात "कुक काय म्हणतो?" असं विचारायची. पोरांना तो शेजारच्या आळीत राहतो असंच वाटत असणार.

माझी चूक एवढीच, की आपण रात्री जातोय आणि झाडं नाही तर दिवे बघायला जातोय, हे मी तिला नीट सांगितलंच नाही. सव्वापाचचा स्लॉट. आई सहावारीखाली थर्मल, वर माझा जुना पफर जॅकेट, पायात नातीचे मोजे आणि पर्समध्ये भिंग घेऊन तयार! भिंग बघूनच मला कळायला हवं होतं.

वाट सुंदर होती, उगाच नाकं मुरडणार नाही. दिव्यांच्या त्या लांबलचक बोगद्यात शिरल्यावर तर माझा नवरा, जो घरी एक ट्यूबलाइट जास्त लागली तरी उठून बंद करतो, तोही तोंड उघडं टाकून बघत होता. मुलांनी शेकोटीवर मार्शमेलो भाजले, म्हणजे जाळले. आईने एक खाल्ला आणि "साखरेची उशी" असा शेरा मारला.

पण ती सारखी मागे राहत होती. पुढे सगळी गर्दी दिव्यांकडे माना करून चाललेली आणि ही कडेला खोडाशी, मोबाइलच्या टॉर्चमध्ये झाडावरची नावाची पट्टी वाचतेय. एका झाडावर खालून जांभळा झोत सोडलेला. त्याची एक फांदी हाताशी आलेली होती. आईने हातमोजा काढून टोकाचा फुगीर कोंब नुसता चाचपला आणि बोटं माझ्यापुढे धरली. चिकट होती. "हॉर्स चेस्टनट. पाटी नसती तरी सांगितलं असतं. आत पुढच्या वर्षीची पानं घडी घालून ठेवलीत, वरून डिंकाचं कुलूप." मग त्या जांभळ्या उजेडाकडे बघत पुटपुटली, "झोपलंय गं ते. त्याच्या डोळ्यावर टॉर्च कशाला मारायचा?"

लहानपणी संध्याकाळनंतर तुळशीला हात लावला की आजी ओरडायची, झाडं झोपलीत म्हणून. तेव्हा मला ती समजूत वाटायची. आईने तिथेच, हातात हॉट चॉकलेटचा कागदी पेला धरून, धाकट्याचा तासच घेतला. झाडं दिवस मोजत नाहीत, रात्र मोजतात. रात्र लांबत चालली की त्यांना कळतं, आता पानं गाळायची आणि गप्प बसायचं. आमच्या रस्त्यावरच्या प्लेन नावाच्या झाडांचं मला तेव्हा आठवलं. इतर फांद्या ओक्याबोक्या झाल्या तरी दिव्याच्या खांबाला टेकलेल्या फांदीवर पानं कितीतरी दिवस टिकून असतात. मला वाटायचं, दिव्याच्या उबेने. उबेचा काही संबंध नाही म्हणे. तिची रात्रच झालेली नसते.

आता कुणी म्हणेल, जगातली एवढी मोठी वनस्पतिशास्त्राची संस्था स्वतःच्याच झाडांवर दिवे सोडते, त्यांना कळत नाही का? मीही आईला तेच विचारलं. तिचं म्हणणं, त्यांना कळतं म्हणूनच हे थंडीत चाललंय. पानं गळलेली, झाड गाढ झोपेत, आणि दिवे रात्री ठरल्या वेळी बंद. जानेवारीत सगळं गुंडाळून नेतात. "आवडलं नाही मला, पण चालेल," हा तिचा निकाल. पेपर तपासतानाही पस्तीसच्या काठावरच्या पोरांना ती असंच पास करायची.

माझं भांडण आहे ते आपण यातलं काय उचललं याच्याशी. गेल्या काही वर्षांत मुंबई-ठाण्यात शहर सजवायच्या नावाखाली झाडांच्या बुंध्यांना, फांद्यांना एलईडीच्या माळा करकचून गुंडाळल्या गेल्या. सण असो नसो. आपल्या वडा-पिंपळांना अशी सहा महिन्यांची झोप नसते, त्यांच्यावर जवळजवळ बारा महिने पानं आणि पाखरं. २०२४ मध्ये मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदरच्या झाडांवरच्या या रोषणाईवरून उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, तेव्हा कुठे माळा उतरवायची भाषा सुरू झाली. रोषणाई घेतली, पण तिचा दीड महिना आणि रात्रीची बंद करायची वेळ तेवढी इथेच राहिली.

आणि बाहेरून घ्यायची तरी गरज काय होती? वाईला काशीविश्वेश्वराच्या देवळात दीपमाळा आहेत. रास्त्यांनी १७५७ मध्ये बांधलेलं देऊळ. दीपमाळ म्हणजे काय, तर दिव्यांसाठी उभं केलेलं दगडाचं झाड. खोड आहे, फांद्या आहेत, प्रत्येक फांदीवर पणती. त्रिपुरी पौर्णिमेला पेटवायची, तेल संपलं की आपोआप विझते. दगडाला झोप मोडल्याचं काही वाटत नाही. (हे मी बोलले तेव्हा नवरा म्हणाला, "हे फेसबुकवर टाकणार ना तू?" हो, टाकलं.)

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मी रजा काढून आईला एकटीला दिवसा क्यूला नेलं. राखाडी आभाळ, भुरभुर पाऊस, बागेत मोजकी माणसं. तिला जिंको बघायचा होता. एकतीस वर्षं फळ्यावर काढलेलं, 'जिवंत जीवाश्म' म्हणजे कोट्यवधी वर्षं फारसं न बदललेलं, म्हणून दर जूनमध्ये शिकवलेलं झाड. क्यूमधला हा जिंको १७६२ साली लावलेला. तिथला उंच पॅगोडाही त्याच सालचा. आई पाटी वाचून हसायला लागली. वाईचा ढोल्या गणपतीही १७६२ चाच! "म्हणजे हा गणपतीच्या वर्गातला," म्हणाली आणि ओल्या खोडावर तळवा टेकवून बराच वेळ उभी राहिली. दिवे नव्हते, संगीत नव्हतं, झाडावर एक पानही नव्हतं. मी फोटो काढला तो हललाय.

घरी आलो तर पाचच वाजले होते आणि किट्ट काळोख. आमच्या मागच्या अंगणात सफरचंदाचं एक झाड आहे. त्यावर सोलरच्या दिव्यांची माळ लुकलुकत होती. आधीच्या दिवाळीत लावलेली, म्हणजे सव्वा वर्ष झालं. इतके दिवस आई रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती बघत होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी ती काढायला घेतली. बहुतेक निघाली. एका कोवळ्या फांदीशी मात्र वायर सालीत रुतून बसली होती, वर दोन्ही बाजूंनी साल चढलेली. मी ओढायला लागले तर आईने माझा हात धरला. स्वयंपाकघरातली कात्री आणून तिने दोन्हीकडून वायर कापली आणि मधला तेवढा तुकडा आतच ठेवला. बोटभर हिरवी वायर अजून तिथे आहे.