दोन कसोट्यांचा किपर

क्रिकेटच्या ग्रुपवर एक मजकूर दर काही महिन्यांनी फिरत फिरत परत येतो. सारांश असा: ‘जुन्या किपरांचं कौतुक पुरे झालं. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशर काउंटीच्या (म्हणजे परगण्याच्या संघाच्या) कीथ अँड्र्यूला म्हणे जगातला सर्वोत्तम म्हणायचे. खेळला फक्त दोन कसोट्या. पहिल्याच कसोटीत झेल टाकला, इंग्लंड डावाने हरलं. काउंटीतल्या नऊशे बळींचं काय घेऊन बसलात, तिथली गोलंदाजी म्हणजे वरणभात. आणि गड्याला बॅट धरता येत नव्हती.’ परवा भाच्याने तो मला पाठवून विचारलं, ‘मामा, खरंय का हे?’

शेवटून सुरुवात करतो, कारण तो मुद्दा बराचसा खरा आहे. अँड्र्यूची प्रथम श्रेणीतली सरासरी 13 च्या आसपास, शतक एकही नाही. पण मग दोनच कसोट्या का, याचं उत्तरही तिथेच मिळालं की! 1959-60 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर तो इंग्लंडच्या संघात होता. मालिकेतली शेवटची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. पहिला किपर रॉय स्वेटमन बाहेर बसला, तेव्हा दारात उभा असलेल्या अँड्र्यूला डावलून ससेक्सच्या जिम पार्क्सला बोलावलं. पार्क्स दौऱ्यावर नव्हताच, त्रिनिदादमध्ये प्रशिक्षण देत होता. मुळातला फलंदाज, ग्लोव्हज चढवून दोनेक वर्षं झालेली. त्याने नाबाद 101 केल्या. निवड समितीला याहून जास्त काय हवं? 1963 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला अँड्र्यू पुन्हा खेळला, वेस्ट इंडिजने दहा गडी राखून सामना मारला आणि लॉर्ड्सला ग्लोव्हज पुन्हा पार्क्सकडे. म्हणजे ‘बॅट कमी पडली’ म्हणा, मी मान डोलावीन. ‘किपिंग कमी पडलं’ हे कुठून आणलं?

ब्रिस्बेनहून, असं मजकूरवाला म्हणेल. नोव्हेंबर 1954, ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. इंग्लंडचा नेहमीचा किपर गॉडफ्रे इव्हान्सला ऊन लागलं म्हणून अँड्र्यूला ऐनवेळी टोपी मिळाली. बेडसरच्या चेंडूवर ऑस्ट्रेलियाचा आर्थर मॉरिस शून्यावर असताना अँड्र्यूकडून संधी हुकली आणि मॉरिसने पुढे 153 केल्या. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच डावात नील हार्वीच्या 162 आहेत. झेल इतरांनीही सोडले. इंग्लंडचा कर्णधार हटनने नाणेफेक जिंकून स्वतःहून ऑस्ट्रेलियाला फलंदाजी दिली, संघात एकही निव्वळ फिरकी गोलंदाज घेतला नाही, कॉम्प्टनचा हात कुंपणावर आपटून जायबंदी झाला. 8 बाद 601 वर डाव घोषित. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज टायसनला 160 धावांत एक बळी. (हाच टायसन पुढे मुंबईच्या पोरांना वेगवान गोलंदाजी शिकवायला आला होता.) डाव आणि 154 धावांचा पराभव एका हुकलेल्या संधीवर टांगायचा, तर बाकीच्या दहा जणांना सुट्टी होती का?

आता वरणभात. 390 सामन्यांत 903 बळी, त्यात 180 च्या आसपास यष्टिचीत. हे कुणाच्या गोलंदाजीवर? बराच काळ जॉर्ज ट्राइबच्या. ऑस्ट्रेलियातून आलेला डावखुरा, मनगटाने चेंडू फिरवणारा, 1955 च्या एका हंगामात 175 बळी. त्याला किपिंग करणं म्हणजे काय, डोळ्यांसमोर आणून बघा. तुम्ही स्टंपांना चिकटून बसलेले. चेंडू टप्पा पडून आत वळला, तर उजव्या फलंदाजाच्या पायांआड दिसेनासा होऊन लेगला निघणार. गुगली असली तर उलट बाहेर. ते हातातून सुटतानाच ओळखायचं, नाहीतर बाय, म्हणजे बॅटला न लागता किपरलाही चुकवून गेलेल्या चेंडूवरच्या फुकटच्या धावा. त्यात खेळपट्ट्या पावसात उघड्या पडलेल्या, म्हणजे एकाच टप्प्यावरून एक चेंडू घोट्याशी, दुसरा छातीशी. आपल्याकडे सुभाष गुप्तेंच्या गोलंदाजीवर हेच काम नरेन ताम्हाणे करायचे. 21 कसोट्यांतल्या त्यांच्या 51 बळींत 16 यष्टिचीत आहेत. ते बळी वरणभातावर मिळालेत, असं दादरच्या कट्ट्यावर म्हणून दाखवा.

शिवाय फिरकीच कशाला? दुसऱ्या टोकाला नॉर्दम्प्टनशरचाच टायसन होता, म्हणजे षटक संपलं की वीस पावलं मागे. 1962 मध्ये लँकेशरविरुद्ध एका डावात अँड्र्यूने सात बळी टिपले. मैदान ओल्ड ट्रॅफर्डच, आणि तो स्वतः ओल्डहॅमचा, म्हणजे लँकेशरचाच.

मजकुरात एक आकडा मात्र कधीच नसतो. 1965 चा हंगाम. अँड्र्यू नॉर्दम्प्टनशरचा कर्णधार, वय पस्तीस. त्या उन्हाळ्यात सलग सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांच्या 2 हजारांहून जास्त धावा झाल्या, त्यांत बाय एकही नाही. त्याच वर्षी नॉर्दम्प्टनशरचं काउंटी विजेतेपद वूस्टरशरने चार गुणांनी पळवलं. ते नॉर्दम्प्टनशरला कधीच मिळालेलं नाही.