वाळूत ड्रायव्हर ओळखायचा तो गाडी थांबवताना

वाळूच्या टेकड्यांवर ग्रुपने कॅम्पिंगला जायचं ठरलं की आठवडाभर चर्चा इंजिनची. कोणाची गाडी किती हॉर्सपॉवरची, कोणी कुठलं सस्पेन्शन टाकलंय. माझं मत विचाराल तर वाळूतल्या बहुतेक भानगडी वाईट थांबण्यातून होतात. चुकीच्या जागी थांबणं, चुकीच्या पद्धतीने थांबणं आणि थांबायला हवं तेव्हा न थांबणं.

पहिला थांबा वाळू सुरू होण्याआधीचा, हवा काढायचा. रस्त्यावर 32-35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असते ती 15 ते 18 वर आणा. हवा कमी झाली की टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो, वजन पसरतं आणि गाडी वाळूच्या अंगावरून जाते. फारच भुसभुशीत असेल तर 12. बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारी कडी) नसेल तर 10 च्या खाली जायचंच नाही, जोरात वळताना टायर रिमवरून निघतो. आणि सगळ्या गाड्यांची हवा एकाच गेजने मोजा. दोन गेज कधी सारखं दाखवत नाहीत, मग "माझी तर 15 च आहे" यावर अर्धा तास वाद. लांबून आलेला टायर गरम असतो, त्यात हवा तीन-चार पीएसआय जास्त दिसते, तेही धरा. ही युक्ती काही आजची नाही. राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश अधिकारी 1920-30 च्या दशकांत साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियन वाळवंटात फिरला, तो टायरची हवा कमी करून आणि रुतलेल्या चाकाखाली पोलादी पट्ट्या सरकवून. आज आपण रंगीत प्लॅस्टिकच्या रिकव्हरी बोर्डांवर खर्च करतो, काम तेच.

आता प्रत्यक्ष थांबणं. वाळूत ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडा, वाळूच गाडी थांबवते. ब्रेक दाबला की प्रत्येक चाकापुढे वाळूचा ढीग साचतो आणि निघताना चारही चाकांना आधी तो ढीग चढावा लागतो. थांबताना गाडीचं तोंड उताराकडे ठेवा, म्हणजे निघताना उतारच ढकलतो. खोलगट वाटीच्या तळाशी कधीच थांबू नका. गाडीतलं ट्रॅक्शन कंट्रोल बंद ठेवा, नाहीतर ऐन चढात ते इंजिनची ताकद कापतं.

चाक जागेवर फिरायला लागलं की त्याच क्षणी पाय काढा. इथे सगळे चुकतात. "अजून थोडी रेस दे" म्हणणारा मित्र बाहेर उभा असतो आणि आतला माणूस त्याचं ऐकून गाडी पोटापर्यंत पुरतो. वेळीच थांबलात तर रिव्हर्स टाकून आपल्याच चाकोरीतून मागे या, तिथली वाळू दाबली गेलेली असते. नाहीच आली तर फावडं. आधी पोटाखालची वाळू काढा, कारण गाडी तिथे टेकली असेल तर चाकांवर वजनच नसतं. मग चाकांपुढे लांब, निवांत उतार खणा. हवा आणखी दोन-तीन पीएसआय उतरवा, मग बोर्ड लावा. दुसऱ्या गाडीने दोर लावून ओढायची पाळी सगळ्यात शेवटी. कायनेटिक, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा दोर ताणला की साधारण 30 टक्क्यांपर्यंत लांबतो, ती साठलेली ताकद गाडी बाहेर काढते. म्हणूनच तो दोन्हीकडे रेटेड रिकव्हरी पॉइंटलाच (ओढण्याचा ताण सोसेल असा चासीवरचा हूक) अडकवायचा. ट्रेलरच्या टो-बॉलला नाही म्हणजे नाही. टो-बॉल तुटला तर तोफगोळ्यासारखा येतो, माणसं मेली आहेत त्याने. बघे दोराच्या दीडपट लांबीच्या पलीकडे, इशारा करणारा माणूस एकच.

टेकडीचा माथा हा वेगळा विषय. वाऱ्याकडची बाजू सौम्य आणि घट्ट असते, आडोशाची बाजू 32-34 अंशांची, भुसभुशीत. वाऱ्याकडून चढा, वेग पायथ्याशीच घ्या आणि माथा येण्याच्या जरा आधी पाय सैल करा. कमी पडलात तर गाडी पोटावर लटकते, जास्त झालं तर पलीकडे उडते. चढता आलं नाही तर उतारावर वळवायचा मोह टाळा, सरळ रिव्हर्समध्ये खाली या. उतरतानाही नाक सरळ खाली, लो गिअर. मागचा भाग घसरायला लागला तर स्टिअरिंग उताराच्या दिशेने वळवून हलकी रेस द्या. आडवी झाली की उलटलीच.

ग्रुपमध्ये नियम एकच: पुढची गाडी माथ्यापलीकडे जाऊन रेडिओवर "क्लिअर" म्हणत नाही तोवर मागची पायथ्याशी थांबणार. आणि प्रत्येक गाडीला उंच झेंडा. माथ्याच्या पलीकडून चढून येणाऱ्याला आधी झेंडाच दिसतो. कॅलिफोर्नियातल्या इंपिरियल सँड ड्यून्सवर तो जमिनीपासून 8 फूट उंच असणं सक्तीचं आहे आणि कॅम्पपासून 50 फुटांच्या आत ताशी 15 मैलांची मर्यादा. ज्याला झेंडा शोभत नाही असं वाटतं, त्याने खुशाल कॅम्पवर बसून राहावं.

भर दुपारी सगळ्यांनी थांबा. उन्हापेक्षा सावलीचा प्रश्न मोठा आहे. सूर्य डोक्यावर आला की सावल्या जातात आणि सपाट वाळू नि तीव्र उतार एकसारखे दिसतात. सकाळी वाळू गार आणि जरा घट्ट असते, राइडचा वेळ तोच. दुपार एअर फिल्टरसाठी ठेवा. फिल्टर काढण्याआधी बॉक्सवरची धूळ पुसा, नाहीतर तीच धूळ इनटेकमध्ये पडते. फोमचा फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून, तेल लावूनच परत बसवा. बग्गीच्या सीव्हीटी बेल्टला (गिअरऐवजी इंजिनची ताकद चाकांकडे नेणारा रबरी पट्टा) हळू चालताना लो रेंजच द्या. जळक्या रबराचा वास आला की बेल्ट तापलाय, गाडी उभी करा. जास्तीचा बेल्ट आणि तो बदलायची हत्यारं सोबत हवीत, आणि बदलता येणारा माणूसही.

इंधन रस्त्यापेक्षा दीडपट-दुप्पट लागतं हे धरून चला. कॅन जमिनीवर ठेवून भरा आणि काठोकाठ भरू नका. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला 4-5 लिटर, भांडी-धुण्याचं वेगळं.

कॅम्प भुसभुशीत उताराच्या पायथ्याशी नको. वाऱ्याच्या बाजूला गाड्या लावा, आडोशाला तंबू. साध्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. कापडी पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधा, फूट-दीड फूट खोल पुरा आणि वरून पायाने दाबा.

शेकोटीसाठी जुन्या पॅलेटचं (माल ठेवायच्या खिळे ठोकलेल्या फळ्यांचं) लाकूड आणू नका. लाकूड जळतं, खिळे वाळूत राहतात आणि पुढच्या ग्रुपचे टायर फाडतात. निखारे वाळूने झाकू तर अजिबात नका. वरून थंड दिसणारी वाळू खाली तासन् तास तापलेली राहते आणि सकाळी अनवाणी फिरणाऱ्या पोराचा पाय तिथेच पडतो. पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. हाताचा मागचा भाग जवळ नेऊन धग लागत नाही ना हे बघा, मगच झोपायला जा.